येथे इंजिन विकत मिळत नाही

आमच्या भाऊजींच्या दारावर एक पाटी होती. ‘ऑइल इंजिन, पंप व नदीचे पाणी यांबाबत सल्ला मिळेल. येथे इंजिन विकत मिळत नाही.’ त्या पाटीला हसला नाही असा माणूस मला साताऱ्यात भेटला नाही. पहिली हसले ती मीच. म्हटलं, ‘भाऊजी, वाण्यानं दुकानावर “येथे साखर मिळत नाही” असं लिहिलं तर पायरी कोण चढेल?’ लढाईचे दिवस, साखर खरोखरच कुठे मिळत नव्हती. भाऊजी गंभीरपणे म्हणाले, ‘लिहावं की त्यानं. निदान माणसाचा हेलपाटा वाचेल.’ यावर काय बोलायचं, सांगा!

भाऊजी म्हणजे वामनराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडील गेल्यावर मी अक्काकडेच राहायला आले आणि कन्याशाळेत शिकवू लागले. घरात आम्ही तीनच माणसं. मेव्हणीला चेष्टेचा हक्क असतो आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही. पण तेही चेष्टेला खाद्य पुरवत, हे कबूल करायला हवं. उंच, किडकिडीत, जरासं पोक काढून चालणार. अंगात खाकी कोट, डोक्याला काळी टोपी आणि हातात बारा महिने छत्री. कोटाच्या एका खिशात जमिनीची सपाटी बघायची पाणसळ आणि दोरीचं भेंडोळं, दुसऱ्यात सुपारी. कपाळावर आठी इतकी कायमची, की लग्नाच्या फोटोतसुद्धा ती आहे.

आणि तोंडात एक शब्द, ‘पण समजा’. अक्का म्हणाली, उद्या पुरण घालते, की हे म्हणणार, ‘घाल की. पण समजा डाळ शिजलीच नाही?’ नवी चप्पल घेतली की समजा अंगठा तुटला. गाडीला वेळेवर पोचलो की समजा गाडीच आली नाही. मी त्यांचं नाव समजापंत ठेवलं होतं आणि तोंडावर म्हणत असे. ते हसायचे, म्हणायचे, ‘हस, इंदू, हस. पण समजा माझं खरं झालं, तर?’

असा घाबरट माणूस चांगली नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढेल, असं कुणाला वाटलं असतं का? ते इंजिनं विकणाऱ्या एका दुकानात फिटर होते. गिऱ्हाइकाकडे जाऊन इंजिन बसवून द्यायचं, चालू करून द्यायचं. एकदा कोरेगावकडचा कुणी शेतकरी आला. विहीर लहान, आणि मालक त्याच्या गळ्यात थोरलं इंजिन बांधायला निघालेला. भाऊजींना राहवलं नाही. बाहेर पायरीशी गाठून ते त्याला म्हणाले, ‘लहान घ्या. हे विहीर उपसून टाकील आणि नुसतं बसून राहील.’ मालकाच्या कानावर गेलंच. तो म्हणाला, ‘पगार माझा खाता आणि सल्ला त्याला देता?’

दुसरा कुणी चिडला असता, नाहीतर माफी मागून मोकळा झाला असता. भाऊजी विचार करत बसले. मग एके दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन अक्काला म्हणाले, ‘तो म्हणाला ते बरोबरच आहे. पगार एकाचा आणि सल्ला दुसऱ्याला, हे काही खरं नाही. तेव्हा पगार सोडतो.’ अक्काच्या तव्यावरची पोळी करपून काळी झाली तरी तिला कळलं नाही.

‘अहो, पण मग करणार काय?’

‘सल्ला देणार. जो विचारेल त्याला. आणि त्याचे पैसे घेणार.’

‘सल्ल्याचे पैसे? साताऱ्यात? इथं पानाच्या गादीवर, न्हाव्याकडे, तळ्याच्या काठी, जाल तिथं लोक सल्ला फुकट देतात. नको म्हटलं तरी देतात!’

अक्काचं काय चुकलं होतं? पाटी लागली आणि पहिले कितीतरी महिने गिऱ्हाईक म्हणून कुणी आलं नाही. एक गृहस्थ मुलीच्या स्थळाबद्दल विचारून गेले. एक जण भाऊबंदकीचा दावा घेऊन आला. एका म्हातारबुवांनी मूळव्याधीवर काय घ्यावं ते विचारलं. भाऊजी सगळ्यांना नीट बसवून सांगायचे, की माझा विषय हा नाही. घर माझ्या पगारावर चाललं होतं आणि अक्काला त्याची लाज वाटे. ती माझ्या पानात तूप जास्त वाढायची. मला तो घास गिळवत नसे.

मग पाटणकडचा एक बागाईतदार आला. त्याला ओढ्यावर इंजिन बसवायचं होतं. भाऊजींबरोबर आम्हीही गेलो, कारण अक्काला तिथल्या देवीला जायचं होतं. तिथं मी त्यांची कामाची रीत पहिल्यांदा पाहिली. यजमानानं पिठलं-भाकरीचा बेत केला होता. भाऊजी म्हणाले, ‘आधी निकाल सांगतो, मग तुमचं जेवतो.’ आणि झाडाखाली बसून स्वतःचा डबा उघडला. यजमानाचा चेहरा उतरला. ‘आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?’

‘जातीचं नाही हो ते,’ भाऊजी कळवळून म्हणाले. ‘तुमची भाकरी खाल्ली की मला “नाही” म्हणता येत नाही. तोंडच उघडत नाही. माझं असंच आहे.’

सगळं बघून झाल्यावर ते ओढ्याकाठी कपडे धुणाऱ्या बायकांशी बोलत बसले. संक्रांतीनंतर धुणं कुठं नेता, शिमग्याला पाणी कुठून आणता, असलं काहीबाही विचारत होते. मला हसू आवरेना. पुरुषांना ते फारसं विचारतच नसत. म्हणायचे, ‘बाप्यांना पाणी किती आलं ते आठवतं, बायकांना पाणी किती लांब गेलं ते. डोक्यावर घागर त्यांच्या असते ना.’ पुराचं विचारायचं झालं तरी ते म्हाताऱ्या बायकांकडेच जायचे. पाणी चढलं तेव्हा जातं कुठं उचलून ठेवलंत, शेरडं कुठं बांधलीत, असं विचारायचे.

निकाल असा, की इंजिन घेऊ नका. संक्रांतीनंतर ओढा आटतो.

‘मग काय करू?’

‘काही करू नका.’

‘आनि ह्येचं पैसं? इंजान घिऊ नगा, ह्ये सांगायचं पैसं?’

‘हो. घ्या म्हणून सांगणारे फुकट भेटतील.’

त्यानं पैसे दिले, पण असा संतापला, की पुढच्या बाजारात ज्याला त्याला गाठून सांगत सुटला. ‘साताऱ्याचा एक येडा हाय. पैसं घेतुया आनि न्हाई म्हनतुया!’ अक्कानं हे ऐकलं आणि ती देवापुढं जाऊन बसली. झालं, म्हणाली, आता कोण येतंय. झालं उलटंच. त्याच ओढ्यावर दुसऱ्या एकानं इंजिन घेतलं आणि शिमग्याला ते कोरड्या दगडांत उभं राहिलं. मग तोच बागाईतदार त्याच बाजारात त्याच आवाजात सांगू लागला, ‘त्या येड्याकडं जावा. त्यो काय इकत न्हाई.’ तेव्हापासून अक्कानं अंगणात सडा घालायच्या आधी ओट्यावर कुणीतरी पटका सोडून बसलेलं असायचं.

धंदा चालला तसं घर सुधारलं असेल, पण भाऊजी सुखी झाले म्हणाल तर नाव नको. आधी गिऱ्हाईक येत नाही म्हणून झोप नव्हती, आता येतं म्हणून नव्हती. नदीवरच्या कामांचा त्यांना सगळ्यांत धसका. पंप फार उंचावर बसवला तर पाणी ओढत नाही. फार खाली बसवला तर पुरात जातो. या दोन्हींच्या मधली जागा दाखवायची, हेच त्यांचं काम. दाखवून झालं, पैसे घेतले, की दुसरा कुणी विसरून गेला असता. यांची काळजी तिथून सुरू व्हायची. आषाढ लागला की माणूस घरात ठरत नसे. छत्री घेऊन मोटार स्टँडवर जायचे आणि महाबळेश्वरहून आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला गाठायचे. ‘वर कसा आहे?’ तिथं कोसळलं की एक-दोन दिवसांत ते पाणी कृष्णेतून खाली जायचं, आणि खाली यांनी दाखवलेल्या जागा. ड्रायव्हर लोकही मोठे खट. ‘आवं काका, आज नुसता धो धो! डोंगुर वाहून चालला!’ म्हणून थापा मारायचे. हे तसेच घरी येऊन न जेवता झोपाळ्यावर बसायचे. माझी चेष्टा तिथं थांबायची. त्या माणसाची भीती खोटी नव्हती, आणि ती बघवत नसे.

लढाई संपली. पोरांनी पलटणीतून धाडलेला पैसा गावोगाव आला होता, उसाला आणि हळदीला भाव होता, जो तो इंजिन घ्यायला निघाला. बोलावणी सगळी सांगलीकडची. तेव्हा बिऱ्हाड सांगलीला हललं, मलाही तिथल्या शाळेत जागा मिळाली. पाटी बरोबर आली. पण एका माणसाला एवढी गावं पुरी पडेनात. लोक येऊन परत जायला लागले. अक्का म्हणाली, ‘अहो, माणूस ठेवा एखादा.’

‘माणूस ठेवीन,’ भाऊजी म्हणाले, ‘पण त्याला काळजी कुठून आणून देऊ?’

तरी ठेवला. हवालदार म्हणूनच सगळे त्यांना ओळखत. पलटणीत मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करत आफ्रिकेपर्यंत जाऊन आलेले, आवाज खणखणीत, मिशा तशाच. कशाचंही भय म्हणून नाही. ‘फिकर नको, सायब’ हा त्यांचा शब्द. ‘पण समजा’ आणि ‘फिकर नको’ अशी जोडी आमच्या ओट्यावर बसायची आणि मला शाळेला उशीर व्हायचा. हवालदारांचा हात इंजिनावर फिरला की ते मुकाट चालायचं. लोक त्यांच्यावर खूश, धंदा दुप्पट झाला. भाऊजी पहिल्यांदा-पहिल्यांदा त्यांच्यामागून जाऊन प्रत्येक जागा पाहून यायचे. मग तेही जमेना. चिंचणगाव ही अशीच एक न पाहिलेली जागा. सांगलीपासून बैलगाडीच्या वाटेवर, कृष्णेच्या काठी. इंजिन घेतलं होतं सखाराम आबांनी, लेकानं लढाईतून धाडलेल्या पैशावर.

श्रावणातली सकाळ होती. पावसानं शाळेला सुट्टी दिलेली. आबांचा धाकटा भाऊ पांडबा मक्याची कणसं घेऊन गाडीनं आला होता. ओट्यावर चहा चालला होता, हवालदारही होते. इंजिन झकास चालतंय म्हणून सांगता सांगता पांडबा म्हणाला, ‘आमच्या बयानं इंजानाचा नारळ दोन्ही मारुतीला फोडला बघा.’ बया म्हणजे त्यांची आई.

भाऊजींनी कप खाली ठेवला. ‘दोन्ही? गावात मारुती दोन आहेत?’

‘व्हय की. एक जुना, वर टेकाडावर, गावठाणात. आनि एक खाली मळ्यात.’

‘हवालदार,’ भाऊजींचा आवाज अगदी लहान झाला, ‘तुम्ही पुराचं कसं विचारलंत?’

‘पारावर बसलेल्या समद्यांनी सांगितलं, सायब. पानी मारुतीच्या पायाला कवाच लागलं न्हाई. आनि आपलं इंजान तर मळ्यातल्या मारुतीच्या वरच्या अंगाला हाय. फिकर नको.’

‘ते कुठल्या मारुतीचं?’

‘मारुती म्हंजी मारुती, सायब.’

‘बायकांना विचारलंत?’

‘बायकास्नी इंजानातलं काय कळतंय!’

माझ्या जिभेवर चांगलं उत्तर आलं होतं. पण भाऊजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते तसेच उठून स्टँडवर गेले आणि भिजत परत आले. वरून आलेल्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं, की महाबळेश्वरला कोसळतोय. आणि या वेळी तो थापा मारत नव्हता. ‘पांडबा, गाडी जोडा,’ भाऊजी म्हणाले. त्यांच्या अंगात कणकण होती. अक्का मला म्हणाली, ‘इंदू, तू जा ग बरोबर. ते पाण्यात शिरतील, त्यांना धर.’ म्हणून मी गेले. हवालदारही गाडीत चढले.

चिंचणगावात पोचलो तेव्हा नदी मातकट होऊन पात्रात मावत नव्हती, पण मळा अजून कोरडा होता. इंजिनाची नवीकोरी शेड, शेजारी शेंदूर लावलेला मारुती. भाऊजींनी उतरल्या उतरल्या टेकाडाकडे पाहिलं, मळ्याकडे पाहिलं, आणि मग काही मोजायलाही लागले नाहीत. गाव गोळा झालं होतं. ते आबांना म्हणाले, ‘इंजिन उचला. वर टेकाडावर न्या. जागा चुकली आहे.’

‘आँ? जागा तर तुमीच दिली न्हवं?’

‘हो. मी चुकलो.’

हवालदार काहीतरी बोलायला पुढं झाले. भाऊजींनी छत्री आडवी धरून त्यांना थांबवलं. आबांचा चेहरा लाल झाला. ‘काका, पोरानं जिवाची बाजी लावून धाडलेल्या पैशाचं इंजान हाय ह्ये. कालपरवा बसवलं, आज उचलू? खेळ हाय का?’ मागून कुणीतरी खिदळलं, ‘आपलाच सल्ला आपन मोडायला आलंय बाबा! ह्येची फी निराळी का रं?’ सगळे हसले. मला रडू यायचं बाकी होतं.

भाऊजी घाबरट खरे, पण त्या दिवशी तिथं ते मागं हटले नाहीत. म्हणाले, ‘आबा, समजा पाणी आलं, तर इंजिन जाईल. समजा नाही आलं, तर माझी अब्रू जाईल. अब्रू माझी आहे, तिचं मी बघतो. इंजिन तुमचं आहे, ते तुम्ही वाचवा.’

कुणी हलेना. तेवढ्यात घोंगडं पांघरून बया पुढं आली. पाठीतून वाकलेली, पण आवाज ठणठणीत. ‘सखाराम, ह्यो मारुती मी नवरी हून आले तवा हितं न्हवताच रं. पलेगात गाव उठून मळ्यात झोपड्या घालून ऱ्हायलं, तवा बसवला. पानी पायाला लागत न्हाई, ह्ये समदं वरच्या मारुतीचं हाय.’

‘मग इतकं दिस बोलली का न्हाईस?’

‘मला कुनी इचारलं?’

आईपुढं आबांचं काही चाललं नाही. बोल्ट सोडवले, चाकं काढली, बल्ल्यांना दोर बांधून माणसांनी इंजिन गाडीवर चढवलं आणि बैलांनी ते टेकाडावर ओढलं. हवालदार सगळ्यांच्या पुढं खपत होते. आम्ही रात्र वर गावात बयाच्या घरी काढली. भाऊजींनी भाकरीला हात लावला नाही. म्हणाले, ‘अजून निकाल लागायचा आहे.’

दुसऱ्या दिवशी पाणी चढलं. मळ्याच्या बांधावर आलं, उसात शिरलं, मारुतीच्या चौथऱ्यापर्यंत आलं, आणि तिथं थांबलं. संध्याकाळी ओसरायला लागलं. शेडचा उंबरासुद्धा भिजला नाही.

मग काय हशा झाला म्हणता! पोरं नाचली. ‘पानी पायाला लागलं न्हाई! मारुती त्यो मारुतीच!’ इंजिन वाजतगाजत परत खाली आणून त्याच जागी बसवलं. आबा भाऊजींकडे न बघता म्हणाले, ‘काका, बैल दमलं बघा फुकाट.’ सगळ्यांत विचित्र म्हणजे भाऊजी खूश होते. खरंच खूश! गाडीत बसल्यावर मला म्हणाले, ‘वाचलं ग बाई इंजिन.’ मी चिडून म्हटलं, ‘अहो, ते बुडणारच नव्हतं!’ तर म्हणाले, ‘तेच म्हणतोय मी.’

सांगलीच्या बाजारात त्यांना उचलकाका असं नाव पडलं. हळदीच्या दलालापासून टांगेवाल्यापर्यंत सगळे विचारायचे, ‘काय काका, आज काय उचलायचं?’ बोलावणी थांबली. जो स्वतःचाच सल्ला मोडतो त्याला पैसे देऊन कोण विचारणार? आणि हवालदारही गेले. त्यांचं बोलणं मला अजून आठवतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ‘सायब, माजी चूक तुमी सोतावर घेतली, ह्ये उपकार. पर चूक झालीच न्हवती की वो! पानी आलंच न्हाई. मंग माजी इज्जत समद्या गावाम्होरं का घालवलीत?’ हवालदारांनी स्वतःचं दुकान काढलं, सल्लाही द्यायचे आणि इंजिनही विकायचे. दणकून चाललं. नदीकाठच्या गावागावांत त्यांनी इंजिनं बसवली.

अक्का एकदाच बोलली. ‘गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?’

‘समजा पाणी आलं असतं, तर?’

‘कशावरून?’

‘कशावरूनच नाही,’ भाऊजी म्हणाले आणि झोपाळ्यावरून उठून गेले. त्या घरात पुन्हा माझ्या पगाराचं तूप माझ्याच पानात जास्त पडायला लागलं.

पुढच्या श्रावणात पांडबा गाडी घेऊन दारात आला. आम्हाला वाटलं, चेष्टा करायला आला असेल. पण बयानं अन्नपाणी सोडलं होतं. इंजिन वर न्या, मगच तोंडात घास घालीन, म्हणून हटून बसली होती. पूर ओसरेपर्यंत राहू दे म्हणाली, बैलांचा एक दिवस गेला तर काय होतंय! भाऊजी गेले. त्या वर्षीही पाणी आलं नाही. पण पुढं तो पायंडाच पडला. नागपंचमी झाली, की इंजिनाच्या चाकाला हळदकुंकू लावायचं, पुढं हलगी वाजवायची आणि ‘इंजान देवाला चाललं’ म्हणत ते वरच्या मारुतीपाशी नेऊन ठेवायचं. शेजारच्या गावची माणसं मजा बघायला यायची. मिरवणुकीपुढं उघडी छत्री घेऊन भाऊजी चालायचे आणि मागं वळून वळून ओरडायचे, ‘दोर बघा! समजा दोर तुटला तर?’ वर पोचलं, की आबा त्यांच्या हातावर नारळ ठेवायचे. म्हणायचे, ‘ही तुमची फी. फुकाटचा सल्ला आमी मानत न्हाई.’ सगळं गाव हसायचं. भाऊजी मात्र तो नारळ दोन्ही हातांनी घ्यायचे. तेवढं एकच गिऱ्हाईक त्यांना उरलं होतं.

मी नंतर पुण्याला गेले. स्वराज्य येऊन दोनेक वर्षं झाली असतील, श्रावणात अक्काकडे आले होते आणि हौसेनं त्यांच्याबरोबर चिंचणगावला गेले. त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं ते गेले, मला पोचता आलं नाही. म्हणून मला दिसतात ते त्या दिवशीचेच. मला त्यांची फार आठवण येते आणि केलेल्या चेष्टेची जराही लाज वाटत नाही, कारण ती त्यांना आवडायची.

त्या श्रावणात इंजिन वर गेलं आणि पाऊस थांबेचना. आम्ही तिथंच अडकलो. मग एका सकाळी सगळं गाव टेकाडावर उभं राहून खाली बघत होतं. मळा नव्हता, ऊस नव्हता, शेड नव्हती. तांबड्या पाण्यात मळ्यातल्या मारुतीचा शेंदरी माथा तेवढा दिसत होता. कुणी हसलं नाही. आबा आले आणि वाकून त्यांनी भाऊजींच्या पायाला हात लावला. भाऊजी लाजून मागं सरले.

बयानं भाकरीवर झुणका घालून त्यांच्या पुढ्यात धरला. ‘खा आता. आता काय सांगायचं ऱ्हायलं न्हाई तुमचं.’

आणि ते खरंच बसले. इंजिनाला पाठ टेकून त्यांनी भाकरी मोडली. गिऱ्हाइकाच्या घरचं अन्न खाताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. कपाळावरची आठीसुद्धा मला जरा सैल वाटली. मी शेजारी बसले आणि म्हटलं, ‘काय समजापंत, झालं ना एकदाचं खरं? आता तरी स्वस्थ बसाल का?’

त्यांनी मान हलवली. दोन-तीन घास खाल्ले. मग त्यांचा हात थांबला. ते पाण्याकडे बघत होते, पण मारुतीकडे नाही. पाणी जिकडे चाललं होतं तिकडे, खालच्या अंगाला.

‘इंदू,’ ते म्हणाले, ‘खाली सगळी हवालदारांची इंजिनं आहेत ग. तिथं पाणी अजून चढायचं असेल. समजा त्यांनी तिथंही कुणा बाईला विचारलं नसेल, तर?’

उरलेली भाकरी त्यांनी पाणसळीच्या खिशात घातली आणि उठले. पांडबा त्यांच्यामागं निघाला. मी ओरडले, ‘अहो भाऊजी, पाऊस बघा! आणि ते तुमचं ऐकणार आहेत का?’ आबा नारळ घेऊन धावले. ‘काका, आवं, तुमची फी ऱ्हायली!’

त्यांनी मागं वळून पाहिलं. छत्री उघडत म्हणाले, ‘राहू दे, आबा. तिथं मला कुणी विचारलेलं नाही. आज फुकट सांगायला चाललोय.’